घटातलं एक रोप

आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे त्या सकाळी धरले होते म्हणून घटावर पाणी शिंपडायला मालन वाकली, आणि तिला ते दिसलं. भिंतीकडच्या बाजूची माती बाकीच्या मातीसारखी नव्हती. बाकी सगळीकडे ती पाण्यानं बसून गेलेली, वर बारीक साय धरलेली. इथे मात्र कुणीतरी उकरून परत दाबलेली, आणि दाबताना पडलेली अंगठ्याची खळी तशीच राहिलेली. लहान अंगठ्याची. त्या खळीत मुगाचं एक रोप मान टाकून उभं होतं. शेजारी भाताचं एक, तेही तसंच, आणि मागे आणखी चार-पाच. नंदादीप जळत होता, वर माळा लोंबत होत्या, कलशावरचा नारळ शहाण्यासारखा बसला होता, आणि मालनच्या हातातल्या फुलपात्रातून पाणी थेंब थेंब तिच्याच पायावर पडत होतं. तो अंगठा तिला ओळखीचा होता. दाबायची ती रीतही तिची होती. पापडाची लाटी दाबतात तसं, नख न लावता, बोटाच्या पोटानं दाबायचं, असं तिनंच शिकवलं होतं. मागच्या खोलीत तिची पोरं, शुभा आणि बाळा, झोपली होती. शुभाचा उजवा हात चादरीबाहेर आलेला, मूठ उघडी. मालननं वाकून पाहिलं. नखात काळी माती होती.

खरं तर रागवायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे वाटलं ते रागाच्या अलीकडचं होतं. पोरीनं उपटलं, हे तिला समजत होतं. पोरीनं परत लावून ठेवलं, हे समजत नव्हतं. पोरांनी बशीत रुजवलेल्या मुगांचा नियम असा होता की उपटलेला मूग परत लावायचा नाही. तो बघायचा, बोटावर ठेवायचा, पाय कुठे फुटला, टोपी कुठे फाटली ते सांगायचं, आणि मग कढीपत्त्याच्या डब्यात टाकायचा. लपवायचं काही नव्हतंच. पावसाळा लागल्यापासून या दोन खोल्यांत पोरांनी जे जे केलं ते उघड्यावर, पसाऱ्यात, हात माखून केलं होतं. आणि आता शुभा पहाटे कधीतरी उठते, आजीच्या उशाशी असलेल्या घटातून रोप काढते, बघते, आणि कुणाला कळू नये म्हणून परत दाबून ठेवते. हे लपवणं ती कुठे शिकली? मालननं भिजलेला पाय पुसला. ओल्या बोटानं ती खळी हळूच सारखी केली, आणि करताना तिच्या ध्यानात आलं की आता लपवणारे दोघे झाले.

शाळेतून बोलावणं आलं होतं ते आषाढात. वर्गाच्या बाई चांगल्या होत्या, आवाज मऊ. म्हणाल्या, ‘‘तुमची मुलगी मुकी आहे का हो? तसं असेल तर वेगळ्या शाळा असतात, मी पत्ता देते.’’ मालनला हसूच आलं. घरी ही पोर गप्प बसत नाही म्हणून तिचा नवरा दशरथ कामावरून आला की कानात कापूस घालायची धमकी देतो. पण परत निघताना तिनं व्हरांड्याच्या खिडकीतून आत पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. बाईंनी शुभाला नाव विचारलं. शुभा उभी राहिली. आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘तिला बोलता येत नाही, बाई!’’ पाढा म्हणावा तसा. मुलं वाईट नव्हती, त्यांना ते पाठ झालं होतं एवढंच. पण मालननं पाहिलं, त्या ओरडण्याबरोबर शुभाचेही ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. सगळ्यांबरोबर तीही तेच म्हणत होती. मालन दारातून आत गेली, पोरीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन घरी आली. छत्री शाळेतच राहिली. वाटेत शुभानं पहिला शब्द काढला तो डबक्यातल्या बेडकासाठी. ‘‘आई, हा बघ, गाल फुगवतो.’’

त्यानंतर शाळा झाली नाही, आणि जे झालं त्याला मालननं कधी नाव दिलं नाही. शेजारची जयंती म्हणायची, ‘‘काय गं, तुझी घरगुती युनिव्हर्सिटी जोरात दिसते!’’ आणि जाता जाता आपलं पोरगंही तासभर सोडून जायची. मालन स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तेही मधली दोन वर्षं धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली. पाटीवर काय शिकवायचं त्याची तिला धास्ती होती. म्हणून तिनं हातानं जे येतं तिथून सुरुवात केली. नागपंचमीला चिकणमातीचे नाग वळले, आणि नाग वळता वळता ‘ड’ झाला, ‘ह’ झाला. बाळाचा नाग सारखा ‘ट’च व्हायचा. गणपतीच्या आधी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन गौरीसाठी तेरडा आणला. त्याची पिकली बोंडं बोटानं दाबली की फट्‌कन फुटून बिया उडत, आणि किती उडाल्या ते मोजताना शुभा वीसच्या पुढे पहिल्यांदा गेली. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, ती कधी मिटतात ते बघायला तिघं संडासाच्या रांगेपलीकडच्या उकिरड्यापाशी उभी राहिली तेव्हा चाळीतले लोक हसले. ‘‘काय हरवलं काय, वहिनी?’’ ‘‘नाही हो, झोपतात कधी ते बघतोय.’’ ‘‘कोण?’’ ‘‘पानं.’’ विचारणारा मान हलवत निघून गेला. मालनला तेव्हा लाज वाटली होती, आणि त्या लाजेखाली कुठेतरी झकास वाटलं होतं, लहानपणी आईबरोबर जात्यावर बसल्यावर वाटायचं तसं. आई दळता दळता जोडून म्हणायची:

जात्याच्या खुंट्याला, हात शिकले गं बाई
डोळ्यांना शिकवाया, येळ गावलाच नाही

डोळ्यांना शिकवायचं म्हणजे काय, ते मालनला तेव्हा कळलं नव्हतं. बशीत कापूस ओला करून मूग ठेवले आणि दोन पोरांची डोकी त्यावर एकमेकांवर आपटली तेव्हा थोडंसं कळलं. मग तीही कापडं धुताना जोडून म्हणू लागली, दशरथ घरात नसताना:

मूग निजले बशीत, वर कापसाची शाल
माझ्या शुभाचं बोलणं, उगवेल आज-काल

कारण घरी कितीही चिवचिव असली तरी घराबाहेर ती पोर अजून गप्पच होती. दुकानदारानं गोळी पुढे केली तरी नाव सांगायची नाही. जयंतीच्या पोराशी खेळायची, पण जयंती आली की तोंड बंद. बाहेरचं माणूस समोर आलं की तिच्या आत कुठेतरी टाकळ्याची पानं मिटत. मालन रात्री पडल्या पडल्या विचार करी, आपण हिला घरी ठेवली ती हिच्यासाठी, की त्या खिडकीतून जे दिसलं ते परत दिसू नये म्हणून? दशरथनं तेव्हाच सांगितलं होतं, फार आवाज न चढवता. संपात गिरणी सुटल्यापासून तो भांडुपच्या एका कारखान्यात लागला होता आणि आवाज चढवायचं त्यानं सोडलं होतं. ‘‘दसऱ्यापर्यंत काय ते कर तुझं. दसऱ्याला पाटीपूजन झालं की शाळा. पोरगी बोलली तरी शाळा, नाही बोलली तरी ती दुसरी शाळा, बाईंनी पत्ता दिलाय ती. मालन, मी गिरणीत साच्यावर जन्म काढला, माझी पोर चाळीत मूग मोजत नाही बसणार.’’ ती दुसरी शाळा. तो पत्ता देव्हाऱ्याच्या फळीवर डबीखाली दाबून ठेवलेला होता, आणि मालन रोज दिवा लावताना त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

त्यात यंदा आई आल्या. सासऱ्यांच्या माघारी गावच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा सासूबाई देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून मुलुंडला आल्या. पिढ्यानुपिढ्या गावच्या घरी बसणारा घट पहिल्यांदाच चाळीत बसणार होता. आईंना त्याचं सुख होतं आणि भीतीही. ‘‘देवी मानून घेईत मा गो, हयली जागा?’’ त्यांनी मालनला दोनदा विचारलं. माती पोरांनीच आणली, डोंगराच्या पायथ्याची, बशीशेजारच्या डब्यात असायची तीच. धान्यं आईंनी सुपात वेगवेगळी मांडली, भात, नाचणी, मूग, उडीद, कुळीथ, मका, आणि शुभा एकेक मूठ आजीच्या हातात देत गेली. त्याच वेळी तिनं मान वर करून विचारलं होतं, ‘‘आई, घट म्हणजे काय?’’ आणि मालन, हातात नारळ धरून, घाईत, म्हणाली होती, ‘‘आपल्या बशीसारखंच गं. पण देवीचं.’’

आता फुलपात्र हातात घेऊन उभं असताना ते वाक्य तिला ऐकू आलं. आपल्या बशीसारखंच. मग पोरीनं काय चुकीचं केलं? बशीतलं रोज एक उपटून बघायचं, तर यातलंही बघायचं. मातीत तर जास्तच बघण्यासारखं, बशीत मुळं उघडी असतात, इथे झाकलेली. पण मग ‘पण देवीचं’ हेही तिनं ऐकलंच असणार. तेवढ्यासाठीच ती परत लावत असणार. चोरी करावी तसं नाही. उचललेली वस्तू जागेवर ठेवावी तसं. मालनला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, असं असतं तर तिनं सांगितलं असतं. रोज सांगते, कावळ्यानं काय उचललं तेही सांगते.

आईंना दिसायला वेळ लागला नाही. तिसऱ्या प्रहरी माळ बांधताना त्यांचा हात थांबला. ‘‘गो मालन, हय ये. ह्या कुशीक बघ.’’ मालन गेली. ती कूस आता चांगलीच लोळली होती. बाकीचं रुजवण बोट बोट वर आलेलं, ताठ, फिकं हिरवं, आणि एका बाजूला जावळ काढल्यासारखी मोकळी जागा. आईंनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘देवीक मुंबय मानवली नाय.’’ एवढंच. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी वरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दूध नको म्हणाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी चहाही, आणि चहा म्हणजे त्यांचा जीव. गावच्या घरी चुलीवर दिवसभर त्यांची किटली असायची. ‘‘आई, असं कसं चालेल? उपासाला चालतो चहा.’’ ‘‘चलता गो. पण माका नको.’’ दशरथ म्हणाला, ‘‘आये, डॉक्टरकडे नेऊ का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘दसरो झालो काय माका गावाक पोचव. टाक घेवन जातंय. कुलूप काढून ऱ्हवतंय. देवी चुकली नाय, मी चुकलंय.’’

आणि शुभा गप्प झाली. घरात गप्प झाली, हे नवीन होतं. बाळा पाठीवर चढला तरी हूं की चूं नाही. बशीतल्या मुगांना पाणी घालायचं राहून गेलं, कापूस कडक झाला. मालननं दिवाळीच्या किल्ल्यासाठी आतापासूनच विटांचे तुकडे गोळा करू या म्हटलं, आकाशकंदिलाच्या कामट्या पुढे टाकल्या, नारळाच्या करवंटीला भोक पाडून दिलं. पोर सगळं करत होती, सांगितलं तेवढं, हात चालत होते. तोंड त्या वर्गात होतं. आजीच्या समोरून जाताना ती भिंतीला घासून जाई. तिचे ओठ हलताहेत की काय, ते मालन चोरून बघे. एकदा हलताना दिसले, आणि काय म्हणत असेल ते तिला न ऐकताही ऐकू आलं. पोरीला जवळ घेऊन विचारावं, तर पोर बोलणार आणि मग मालनला आईंना सांगावं लागणार. सांगितलं की दशरथ म्हणणार, हीच तुझी घरची शाळा, देवीचा घट उपटायला शिकवते. मग दसऱ्याचीही वाट बघायला नको. न सांगावं, तर म्हातारी उपाशी गावाला जाणार, आपल्याच माथ्यावर दोष घेऊन, कुलूप काढून एकटी राहायला. तांदूळ निवडता निवडता मालन हे इकडून तिकडे निवडत होती. खडा सापडत होता, बाहेर काढता येत नव्हता.

अष्टमीच्या सकाळी आई उठताना भिंतीला धरून बसल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत, तशाच बसून राहिल्या. दशरथची दुसरी पाळी होती. तो दाराशी आरसा टांगून दाढी करत होता, गालाला साबण. शुभा कामट्या घेऊन उंबऱ्यात बसलेली. मालन आईंच्या समोर बसली आणि तिनं ठरवलेलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. ‘‘आई, दोष तुमचा नाही. माझ्या हातून झालं ते. तुमचे गुडघे धरले होते ना, त्या दिवशी मी पाणी घातलं, जास्त झालं. त्या कुशीला कुजलं.’’

आईंनी डोळे वर केले. त्या शेतावर वाढलेल्या. ‘‘पाणी जास्त झाला तर सगळा लोळता, गो. एक कूस नाय लोळत. माझी समजूत घालू नको.’’

‘‘नाही, खरंच. मीच.’’

‘‘आई नाही,’’ कुणीतरी म्हणालं.

मालनला आधी कळलंच नाही कोण. आवाज जाड होता, चार दिवस न वापरलेला. शुभा उंबऱ्यातून उठली होती, हातात कामटी. ती मालनकडे बघत नव्हती. थेट आजीकडे बघत होती, आणि तिची मान भीतीनं इतकी ताठ होती की कानामागची शीर दिसत होती. ‘‘आईनं नाही केलं. मी केलं. मी उपटले. मुळं बघायला. मग परत लावले, पण ते जगले नाहीत. बशीसारखंच असतं ना. मला माहीत नव्हतं तू जेवणार नाहीस.’’

दशरथचा वस्तरा गालावर थांबला. आईंनी तोंडावर हात मारला. ‘‘अगो, देवीचो घट तो! ती काय वालीची भाजी, सकाळी उठान उपटूक? देवीच्या घटाक हात लावल्यान, बघ रे दशरथ, हातभर नाय चेडू आणि...’’ आणि मग त्यांचा आवाज मधेच फुटला, रडल्यासारखा की हसल्यासारखा, ते मालनला ठरवता आलं नाही. त्या बऱ्याच वेळा तेच म्हणत राहिल्या, ‘‘म्हणजे देवी नाय. देवी नाय रागावली. ह्या चेडवान केल्यान. देवी नाय.’’ पदरानं तोंड पुसलं, घटाला हात जोडले, कान पकडले. मग शुभाकडे वळून, अजून रागातच, विचारलं, ‘‘आणि काय गो, मेल्ये, काय दिसला तुका थय?’’

मालनला वाटलं, आता पानं मिटणार. पण शुभा बोलत होती. मुगाला एकच जाड मूळ असतं आणि त्याला बाजूनं केस फुटतात. भाताला एक नसतंच, खूप सारखी सारखी असतात, झाडूसारखी. मक्याचं मूळ खाली जायच्या आधी वाकडं जातं. एक उडीद उलटा पेरला होता, त्याचा कोंब खाली जाऊन परत वर वळला होता, तो तिनं बघून लगेच परत लावला, तो जगला, तो बघ तो. ‘‘उलटो पेरलेलो?’’ आई पुढे वाकल्या. ‘‘माझ्या हातान पडलो असतलो. खयचो? ह्यो?’’ दोन डोकी घटावर वाकली, पांढरं आणि काळं. आई म्हणाल्या, ‘‘हात लावू नको! लांबून दाखय.’’ मग सरळ होऊन, मालनकडे न बघता: ‘‘चाय ठेव गो. साखर घाल जरा.’’

मालन स्टोव्हपाशी गेली. पंप मारताना तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. तेवढ्यात दशरथचा आवाज आला. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून पोरीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर गिरणी सुटल्यापासून न दिसलेलं काहीतरी होतं. ‘‘बोलली की!’’ तो म्हणाला. ‘‘आयेसमोर बोलली. अगं मालन, आयेसमोर मी अजून असा बोललो नाही! ती बाई काय आयेपेक्षा जबरी आहे काय? झालं तर मग. ते दुसऱ्या शाळेचं गेलं खड्ड्यात. परवा पाटीपूजन, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः नेतो हिला, हिच्या त्याच वर्गात.’’ आई हसल्या. बाळाही हसला, का ते न कळता. मालननं चहाचं पाणी उकळून वर येताना बघितलं, उतू गेलं तरी बघितलं. पोर बोलली तर घरीच राहू देतील, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तरी इतके दिवस तिनं मनात तसंच धरलं होतं. कापसाची शाल, उगवेल आज-काल. उगवलं की ते बशीत राहत नाही, हे ओवीत आलं नव्हतं.

दसऱ्याला आईंनी रुजवण काढलं. देवीला वाहिलं, दशरथच्या कानावर खोवलं, बाळाच्या टोपीत, जयंतीच्या पोरालाही एक तुरा दिला. पाटीवर शुभानं सरस्वती काढली, एकाचे आकडे उलटसुलट जोडून काढतात तशी, आणि मग पेन्सिल न उचलता प्रत्येक एकाच्या खाली बारीक बारीक रेघा ओढत बसली. आईंनी हळदकुंकू वाहताना हात थांबवला. ‘‘गो, सरस्वतीक एवढे पाय कित्याक?’’ ‘‘पाय नाहीत, आजी. मुळं.’’ ‘‘असांदे,’’ आई म्हणाल्या आणि त्या मुळांवरही कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दशरथ तिला घेऊन गेला. वेणीत रुजवणाचा तुरा, उलट्या उडदाचा, तो तिनं मागून घेतला होता. कोपऱ्यावर वळताना तिनं मागे पाहिलं नाही. मालननं कपडे भिजवले, बाळाच्या पुढे माती टाकली, आईंना चहा दिला, आणि मग दुधाच्या केंद्रावर जाऊन येते म्हणून निघाली ती दुधाच्या केंद्रावरून पुढे गेली. शाळेच्या फाटकाला कुलूप नव्हतं. मैदान ओलांडलं की व्हरांडा, व्हरांड्यात ती खिडकी. आतून वर्गाचा आवाज येत होता, पाढा की कविता, एका सुरात. इथून शब्द कळत नव्हते. नुसतं एकदा बघायचं. ओठ हलतात की आवाजही निघतो, तेवढंच. बघून लगेच परत. तिचा हात फाटकाच्या कडीवर होता, आणि कडीच्या गंजानं अंगठ्याला तांबडं लागलं होतं. मालननं तो अंगठा पाहिला. कडी तिनं जागेवर ठेवली, आवाज होऊ नये इतकी हळू, आणि परत फिरली. घरी बाळा हात माखून बसला होता. मातीत त्यानं काहीतरी पेरलं होतं आणि त्यावर आजीला फुलपात्रातून पाणी घालायला सांगत होता.